पुनवेआधी माळावर जायचं नाही

गेल्या रविवारी इरानं फोनवर तिच्या शाळेच्या सहलीचं वर्णन केलं. तांबडी पानं, रबरी बूट, प्रत्येकाच्या हातात कागदी पिशवी आणि तिच्यात गोळा केलेली ओकच्या झाडाची बोंडं. मग तिनं विचारलं, “आजी, तुमच्याकडे असा शरद ऋतू असतो का?” मी म्हटलं, असतो, पण आमच्याकडे त्या दिवसांत पानं गळत नाहीत. दसऱ्याच्या सुमारास भालकीच्या आसपास कारळाची शेतं पिवळी होतात. सोयाबीनची मळणी चाललेली असते. माळावरचं गवत कमरेपर्यंत वाढून वाळायला लागतं आणि सकाळी त्यावर दंव असतं. एवढं मी फोनवर सांगितलं. जे सांगता आलं नाही ते आता, इरा आणि ओम, तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. मला कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून, क्रमानं सांगितलेली आवडते, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आमचा शरद ऋतू म्हणजे चनबसप्पा मास्तर.

मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकले, लग्न होऊन भालकीला आले आणि इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. मास्तर त्याच शाळेत चित्रकला शिकवत. माझ्याहून काही वर्षांनी मोठे. कपाळावर विभूतीचे पट्टे, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला नेहमी कुठला तरी रंग लागलेला. घरी कानडी, शाळेत मराठी, बसस्टँडवर दखनी, असा त्यांचा व्यवहार होता, आणि रागावले की तिन्ही भाषा एकाच वाक्यात यायच्या. मुलग्यांना ते ‘अप्पा’ म्हणत, मुलींना ‘अव्वा’. सातवीतल्या दांडगट पोरालाही “ये अप्पा, बस” म्हटलं की ते पोर आपोआप शहाण्यासारखं बसायचं.

चित्र मात्र ते फारसं काढू देत नसत. पहिले दोन महिने नुसतं मडकं बघायला लावायचे. मडकं टेबलावर, मुलं गोल करून, हात पाठीमागे. “आदी डोळे, मग हात,” हे त्यांचं रोजचं वाक्य. पालक तक्रार करायचे, की पोराची वही कोरीच्या कोरी आहे. मास्तर म्हणायचे, “वही कोरी हाय, पोरगं न्हाई.”

दसऱ्याची सुट्टी लागली की ते मुलांना बसवकल्याणच्या, आमच्या तोंडी बसकल्याणच्या, बाजूला, मंठाळच्या अलीकडच्या फाट्यावर घेऊन जात. फाट्यापासून आत एक वाडी, आणि वाडीच्या वर एक तांबड्या दगडाचा माळ. त्या माळावर सीताफळाची झाडं आपोआप उगवलेली होती. कोणी लावली नव्हती, कोणी पाणी घातलं नव्हतं. फळं वाडीतल्या बाया तोडायच्या आणि पाट्या भरून भालकीच्या आणि बसकल्याणच्या बाजारात विकायच्या. वाडीचा एक नेम होता. शीगी पुनवेच्या आधी कोणी त्या फळाला हात लावायचा नाही. शीगी पुनव म्हणजे तुमची आई जिला कोजागरी म्हणते ती. त्या दिवशी इकडचे लोक उभ्या पिकाची पूजा करतात, भाज्या आणि भाकरी कालवून शेतभर शिंपतात. त्याला चरग म्हणतात. पोटुशी बाईचे डोहाळे पुरवावेत तसं. पिकाला खायला घालून झालं, की मग माणसानं माळावरचं खायचं. पुनवेपर्यंत फळाचे डोळे उघडलेले असतात, बियाणं तयार झालेलं असतं. त्याआधी तोडलेलं फळ पिकत नाही, घरात काळं पडून दगड होतं. म्हणजे नेमात श्रद्धाही होती आणि हिशेबही होता, आणि वाडीतल्या कोणालाही ती दोन वेगळी वाटत नव्हती.

म्हणून मास्तरांची सहल नेहमी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी निघायची. सुट्टी कधीही लागो.

माझ्या पहिल्या वर्षी हेडमास्तरांनी मुलींच्या सोबतीला मला पाठवलं. मी तयारीनिशी गेले. प्रथमोपचाराची पेटी, हजेरीचा कागद, शिट्टी, सुटे पैसे, आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेली सँडविचेस. बसस्टँडवर मास्तरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“बाई, आपुन लढाईला जायलाव का?”

“लहान मुलं आहेत मास्तर. काही झालं तर?”

“व्हतंय की. काय तर व्हतंच. व्हावं म्हणूनच जायलाव.” मग त्यांनी सँडविचकडे बोट केलं. “ह्ये चांदीचं काय हाय?”

“खाऊ आहे.”

“खाऊ चांगला हाय. चांदी घरी ठिवा.”

त्यांचं घर स्टँडच्या मागेच होतं. तिथं त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी शाळा अक्का म्हणायची, दारात एक वेताची बुट्टी घेऊन उभ्या असत. बिस्किटाचे पुडे, चॉकलेटचे कागद, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं त्या बुट्टीत जमा व्हायचं, आणि त्या बदल्यात प्रत्येकाच्या हातावर पळसाच्या पानात बांधलेली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची तिखट हिंडी, म्हणजे चटणी, पडायची. माझी सँडविचेस अक्कांनी उलगडून पानात बांधून दिली. एक चाखूनही पाहिलं. “गोड न्हाई, तिखट न्हाई. आजारी मानसाला बरं हाय,” त्या म्हणाल्या. मला हसू आलं, आणि तेव्हापासून मी कधी सँडविच नेलं नाही.

शिट्टी तेवढी मास्तरांनी माझ्याकडून मागून घेतली. स्वतःकडची हरवली होती म्हणे. ती त्यांनी गळ्यात न अडकवता खिशात टाकली आणि मुलांना रांगेत उभं करून सांगितलं, “ही शिट्टी वाजली की सहल संपली. जिथं आसू तिथून मागं फिरायचं, घरी जायचं. कामून वाजली, कुणामुळं वाजली, विचारायचं न्हाई. कळलं का अप्पा?”

“व्हय सर!”

बस आली. कंडक्टर अहमदभाई दरवाजातूनच ओरडले, “क्या मास्टर, फिर आए बारात लेके?”

“बारात नै भाई, बारातीच बारातीच है. दुल्हा ऊपर बैठा है माळपे.”

“टिकट तो बारातियों का लगता!”

“आधा. सब आधे हैं, मेरेकू छोडके.”

माळावर पोचल्यावर पहिला तासभर हात पाठीमागे. नुसतं फिरायचं. दंवात भिजलेल्या कोळ्याच्या जाळ्या, सुगरणींनी सोडून दिलेले खोपे, तरवडाची पिवळी फुलं, आणि लांब सपाटीवर काळविटांचा कळप, जो आमच्याकडे बघत उभा राहायचा आणि मग एकदम उगाचच उड्या मारत निघून जायचा. मास्तर काहीच समजावून सांगत नसत. मला हे फार विचित्र वाटायचं. मी इंग्रजी शाळेतली. नाव सांगायचं, स्पेलिंग सांगायचं, उपयोग सांगायचा, असं माझं शिक्षण. मास्तर फक्त थांबायचे. ते थांबले की मुलं थांबायची आणि ते कुठं बघतात ते शोधायची.

वाडीतल्या बाया तोडणीला आलेल्या असत. त्यांची पुढारीण सोनाबाई, तोंडानं फटकळ, हातानं उदार. तिनं प्रत्येक मुलाला झाडावरच पिकलेलं एक फळ द्यायचं, आणि मुलांनी ते तिथंच बसून खायचं. शेंड्यावरची फळं पाखरांची, त्यांना कोणी हात लावत नसे. बिया थुंकायच्या त्या दगडांच्या खाचांत, काठीनं भोक करून. “थुका, थुका,” सोनाबाई म्हणायची, “तुमचे मास्तर म्हातारे व्हतील तवर झाडं हुबी राहत्यात. मग सावलीत बसवू तेन्ला.”

“आन् तू काय तरणीच राहायलीस व्हय सोनाबाई?”

“मला कशाला सावली? मी काय मास्तर हाय का बसून खायला?”

परतीच्या आधी फाट्यावर सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि मोज्यांत, परकरांत रुतलेली कुसळं एकेक करून काढायची. ती रस्त्यावर टाकायची नाहीत, ओंजळीत घेऊन गवतात नेऊन सोडायची. “त्याचं सामान त्याला परत द्या,” मास्तर म्हणत. बस चुकायची वेळ आली तरी हे व्हायचंच. अहमदभाई हॉर्न वाजवत राहायचे.

वैशाली नावाची एक मुलगी मला विशेष आठवते. भालकीच्या मोठ्या अडत्याची लाडकी लेक. पांढरा फ्रॉक घालून आली होती आणि जमिनीवर बसायला तयार नव्हती. वाटेत दोन झुडपांच्या मधे मोठं जाळं होतं, मधोमध कोळी. तिनं किंचाळायला सुरुवात केली. मुलं हसायला लागली. मास्तर तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले आणि अगदी घरगुती सुरात म्हणाले, “अव्वा, तू कुणाच्या दारात हुबी हायस?”

तिचं किंचाळणं थांबलं.

“त्यो तुझ्या घरी आला न्हाई. तू त्याच्या घरी आलीस. पाव्हणी हायस तू. पाव्हण्यानं काय करावं?”

ती जाळ्याकडे वळली. मग रडक्या आवाजात कोळ्याला म्हणाली, “नमस्कार.”

कोणी हसलं नाही. मास्तरांनी हसू दिलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी तिचा फ्रॉक तांबडा झाला होता आणि ती बसमध्ये चढायला तयार नव्हती. पुढची सगळी वर्षं ती सहलीला सर्वांत आधी नाव द्यायची.

शिट्टी माझ्या देखत एकदाच वाजली. एका वर्षी नवे हेडमास्तर आले होते, मोठे हौशी, रेशमी जाकीट घालून सहलीला निघाले. माळावर पोचताच त्यांना एक भलंमोठं फळ खालच्या फांदीवर दिसलं. “आमच्या घरी फार आवडतं,” असं म्हणून त्यांनी ओढलं. फळ निघालं नाही, फांदीच सालीसकट खाली आली.

शिट्टी वाजली.

मुलं जागच्या जागी थांबली. मास्तर शांतपणे म्हणाले, “चला. घरी.”

“अहो मास्तर,” हेडमास्तर हातातली फांदी तशीच धरून म्हणाले, “मी आहे. मी!”

“व्हय सर. पोरगं आसतं तर आदी समजावलं आसतं.”

आम्ही सगळे उतरलो. भाकरीची पानंसुद्धा उघडली नाहीत. बसमध्ये एकही मूल बोलत नव्हतं. सगळी हेडमास्तरांकडे बघत होती, आणि हेडमास्तर खिडकीबाहेर. त्यानंतर वर्षभर मास्तरांना जितका त्रास देता येईल तितका दिला गेला, हेही सांगायला हवं. परीक्षेच्या सगळ्या देखरेखी, सगळे बदलीचे तास त्यांच्याच वाट्याला. पण पुढच्या वर्षी सहलीच्या दिवशी हेडमास्तर स्वतःच स्टँडवर येऊन उभे राहिले. “येऊ का?” त्यांनी विचारलं. आणि दिवसभर दोन्ही हात खिशात घालून माळ फिरले. सोनाबाईनं फळ दिलं तेव्हा क्षणभर त्यांना हात बाहेर काढावा की नाही कळेना.

पुढं मास्तर निवृत्त झाले, मीही झाले. अक्का गेल्या. शाळेच्या सहली बंद झाल्या. आता मुलांना वॉटर पार्कला नेतात, बसमध्ये गाणी लावून. मास्तर एकटेच जात, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, आणि आल्यावर माझ्याकडे चहाला येऊन सगळं सांगत. या वर्षी काळविटं किती लांब होती, कुठल्या खाचेतली बी वर आली. सोनाबाई शेवटी म्हातारी झाली, हे त्यांनी मला मोठ्या आनंदानं सांगितलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते मला सुखानं लिहिता येत नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी वैशालीचा फोन आला. ती आता पुण्याला असते, तिला दोन मुलं आहेत. त्यांच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला होता. सगळे मिळून सरांचा सत्कार करणार होते. “बाई, तुम्हीपण यायचं. पण सरांना काही सांगू नका. सरप्राइज आहे.” मला आनंद झाला. एवढ्या वर्षांनी मुलांना मास्तरांची आठवण राहिली, याहून मोठं काय असतं? कार्यक्रम बिदरला कुठल्या तरी हॉलमध्ये असेल असं मी धरून चालले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. मास्तरांनी नवा सदरा घातला होता. गाडी बिदरच्या रस्त्याला न लागता मंठाळकडे वळली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फाटा आला. आतला रस्ता आता डांबरी झाला होता. माळाच्या पायथ्याला गाड्याच गाड्या उभ्या होत्या. पुण्याच्या, हैदराबादच्या, कलबुर्गीच्या. मांडव घातलेला. मांडवावर मास्तरांचा फोटो आणि खाली लिहिलेलं: आमच्या सरांच्या माळावर आमच्या सरांचा सत्कार.

“सर!” सगळे धावत आले. केस पिकलेले, पोटं सुटलेली, पण सगळे एकदम मुलांसारखे ओरडत. वैशाली त्यांच्या पाया पडली आणि रडायलाच लागली. “सर, आमच्या पोरांना दाखवायला आणलंय. आमचं लहानपण दाखवायला.”

मास्तरांना खुर्चीवर बसवलं. मला शेजारी. शाल, श्रीफळ, हार. एकेक जण उठून बोलत होता. कोणी मडक्याची गोष्ट सांगितली, कोणी कुसळांची, हेडमास्तरांची गोष्ट तर तिघांनी सांगितली आणि तिन्ही वेळा सगळे पोट धरून हसले. प्रत्येकाला सगळं आठवत होतं. आणि ते बोलत असताना त्यांची मुलं माळावर पसरली होती. मुलांच्या हातांत पिशव्या दिल्या होत्या. ‘जो जास्त सीताफळं आणेल त्याला बक्षीस’ असा खेळ कोणीतरी काढला होता. पुनवेला अजून अवकाश होता. फळं हिरवी, घट्ट, डोळे मिटलेली. पोरं फांद्यांना लोंबकळत होती. वरची फळं काढायला एका मुलाच्या वडिलांनी गाडीतून दोर आणला. थर्माकोलच्या ताटल्या वाऱ्यानं गवतात चालल्या होत्या.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता. ती शिट्टी ते अजून बाळगत, हे मला माहीत होतं. मी वाट पाहत राहिले. हात खिशातच राहिला. समोर वैशाली बोलत होती. “सरांनी मला कोळ्याला नमस्कार करायला शिकवलं,” ती म्हणाली, आणि येऊन त्यांच्या पायाशी बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी खिशातला हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला. तो रिकामा होता.

परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, “कसं वाजवायचं बाई? समदेच माझे हुते. एकबी परका नव्हता.”

पुनवेला वाडीत चरग शिंपला गेला आणि दुसऱ्या दिवशी बाया पाट्या घेऊन माळावर चढल्या आणि रिकाम्या पाट्या घेऊन उतरल्या. त्यानंतर सोनाबाई भालकीला मास्तरांच्या घरी आली. मी तिथंच होते. ती ओसरीवर बसली, पाणी प्यायली, आणि ओरडली नाही. ती ओरडली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

“तुमचे लोक हुते म्हणं,” ती म्हणाली.

“व्हय.”

“तुमी हुता म्हणं.”

“व्हय सोनाबाई. खुर्चीवर बसलो हुतो.”

“मग आमाला काय बोलायचं न्हाई.” ती उठली. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, “मास्तर, तुमी पोरान्ला घिऊन येत हुता ते बरं हुतं. आता पोरं आपली पोरं घिऊन यायल्यात.”

सत्काराचे फोटो सगळीकडे फिरले. पुढच्या वर्षी कोणीही न बोलावता दुसऱ्या गाड्या आल्या. उदगीरच्या, लातूरच्या. ज्यांनी मास्तरांना कधी पाहिलंही नव्हतं अशांच्या. मास्तर मला म्हणाले, “मी आयुष्यभर येकच धडा शिकवला बाई. थांबायचा. पोरान्ला फळ ध्यानात राहिलं, थांबायचं राहिलं न्हाई. मडक्यापाशी चुकलो का माळावर चुकलो, कळंना.” मी त्यांना खूप समजावलं. वैशालीला फोन करून सांगू या, ती ऐकेल, ग्रुपवर लिहील, असंही म्हटलं. त्यांनी हात जोडले. “तिला सांगू नका. तिचा त्यो लई चांगला दिवस हाय. ऱ्हाऊ द्या.”

मी सांगितलं नाही. तिला अजूनही माहीत नाही.

त्यानंतर दसरा ते पुनव हे सगळे दिवस मास्तर फाट्यावर बसायला लागले. तिथं एक चहाची टपरी आहे. सकाळच्या बसनं जायचे, संध्याकाळच्या बसनं यायचे. गाडी वळताना दिसली की उठून आडवे जायचे. “माळ? कुठला माळ? सीताफळं? न्हाई बाबा. गुत्तेदारानं मुरूम काढून समदा सपाट केला की. पुढं जावा, किल्ला बगा बसकल्याणचा.” आयुष्यात जे मुलांशी कधी खोटं बोलले नाहीत, ते मास्तर. टपरीवाला हसायचा. “सर, तुमी तर वकिलापरीस भारी बोलायलाव.” मास्तर हसायचे नाहीत. गाडीत मुलं असली की परत येऊन बराच वेळ चहाचा ग्लास तसाच हातात धरून बसायचे, असं त्यानंच मला सांगितलं.

मास्तर या उन्हाळ्यात वारले, बिदरजवळ नौबादला, लेकीच्या घरी. मोडलेली झाडं आता हळूहळू फुटत आहेत, पण पाट्या अर्ध्याच भरतात, असं सोनाबाईची सून म्हणते. फाट्यावर आता कोणी बसत नाही.

तुम्ही त्यांना पाहिलं आहे. मागच्या शरदातल्या तुमच्या सुट्टीत, तुम्ही आठवडाभर आला होता तेव्हा. तुमचं परतीचं विमान पुनवेच्या आधीचं होतं, आणि मला तुम्हाला तो माळ दाखवायचाच होता. तुमचे बाबा गाडी चालवत होते. फाट्यावर एक म्हातारा काठी टेकत आडवा आला आणि खिडकीतून म्हणाला, “पुढं जावा. हितं काय न्हाई. माळ गेला.” ओम, तू म्हणालास, “आजी, तू तर म्हणालीस आहे.” तेव्हा त्यांनी मागच्या सीटवर पाहिलं आणि मला ओळखलं.

“बाई? तुमी?”

“ही इरा, हा ओम. माझी नातवंडं. फक्त बघायला आलोय मास्तर. हात पाठीमागे. मी जबाबदार.”

ते वाकून तुमच्याकडे बघत राहिले. “काय अव्वा, तुमच्याकडं पानं लाल व्हत्यात म्हणं? खरं हाय?”

इरा म्हणाली, “हो. आणि पिवळी पण.”

“कोन रंगवतंय?”

“कोणी नाही. आपोआप.”

“बगा बाई,” ते मला म्हणाले, “पोरगी हुशार हाय.” चेहरा इतका उजळला होता की मला वाटलं, आता दार उघडून आत बसतील आणि म्हणतील, चला. पण त्यांनी विचारलं, “पुनव कधी हाय?”

“त्यांचं विमान आधीच आहे.”

“विमानाला सांगा की थांब म्हणून.” ते हसले, आणि मग हसू गेलं. “न्हाई बाई. तुमाला सोडलं तर उद्या कुणाला आडवू? उद्या येणारा बी कुणाचा तर नातूच आसतोय.”

 त्यांनी खिसे चाचपले. तुम्हाला द्यायला काहीतरी शोधत होते. काही नव्हतं. टपरीवर बिस्किटाचे पुडे लटकत होते, तिकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर वळवली. मग नुसताच तुमच्या दोघांच्या गालांना हात लावला. ओम, तू मागे सरलास. तुझी चूक नाही, अनोळखी माणूस होता तो. पुढं बाबांनी गाडी बसकल्याणच्या रस्त्याला घेतली आणि तू म्हणालास, ते आजोबा खोटं बोलले. हो, बोलले.

तुम्ही दोघं पुढं बघत बसला होता. मी मागच्या काचेतून पाहिलं. ते रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले होते, काठी बगलेत, एक हात वर करून. हात हलवत होते. मीही हलवला, पण ते माझ्याकडे बघत नसावेत. आपली गाडी कुठं मागे वळत नाही ना, हे बघत असावेत. वळणापर्यंत ते तसेच उभे होते, वर केलेल्या हातानं.